चकरांनंतर गरगरतं, तोल जातो: नजर, मान आणि थांबणं याविषयी

तुझा प्रश्न मला असा समजला. दर रविवारी एसटीने तालुक्याला जाऊन कथक शिकतेस. प्रवेशिका पूर्णची परीक्षा तोंडावर आली आहे. तिहाईच्या, म्हणजे तीनदा म्हणायच्या शेवटच्या तुकड्याच्या, शेवटी नऊ चकरा आहेत, त्यातल्या चार-पाच झाल्या की भिंती फिरायला लागतात, पोटात ढवळतं आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उभं राहायच्या वेळी तू डावीकडे कलतेस. कधी कधी सकाळी अंथरुणातून उठतानाही अंधारी येते, असंही लिहिलंस. मैत्रीण म्हणते डोळे मिटून फिर, मावशी म्हणते लिंबू चोख, आणि तुला विचारायचंय की एसटीत ओकारी होऊ नये म्हणून जी गोळी घेतात ती परीक्षेआधी घेतली तर चालेल का. वय एकोणीस लिहिलं आहेस, म्हणून 'तू' म्हणूनच लिहिते.

गोळीचं आधी सांगते. घेऊ नकोस. ती कानाकडून मेंदूकडे जाणारी खबर दाबते आणि वर गुंगी आणते. एसटीत डुलकी लागली तरी चालतं, पण तुला समेवर टक्क जागं उभं राहायचं आहे. शिवाय रियाजाच्या दिवसांत ती घेत राहिलीस तर मेंदूला चकरांची सवयच लागणार नाही, आणि तुझं काम त्या सवयीवरच होणार आहे. लिंबाने मळमळ थोडी दबेल, तोल सावरणार नाही. डोळे मिटून फिरणं हा तिन्हींतला सगळ्यात वाईट सल्ला. तो का, ते पुढे येतंच.

मी पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात कथक शिकवते आणि दिवाळीनंतर इथल्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागला की नाटकांतली नृत्यंही बसवून देते. दोन्हीकडच्या मुली हा त्रास घेऊन येतात. त्यांना मी पहिल्यांदा एकच विचारते: गरगरतं, की अंधारी येते? गरगरतं म्हणजे आपण थांबलो तरी भिंती, मांडव, माणसं फिरत राहतात आणि कुणी एका बाजूला ओढल्यासारखं होतं. अंधारी म्हणजे डोळ्यांपुढे काळं येतं, कानात सूं होतं, हातपाय गार पडतात, खाली बसावंसं वाटतं. पहिला प्रकार कानाच्या आतून येतो आणि रियाजाने बराच आटोक्यात येतो. दुसरा रक्त, पोट आणि पाणी यांच्याशी बांधलेला असतो. त्याला कितीही रियाज केला तरी फरक पडत नाही, उलट तशा अंगाने चकरा घेतल्या तर पोरगी पडते.

तुझं मुख्य दुखणं पहिल्या प्रकारचं आहे. पण सकाळच्या अंधारीवरून मला वाटतं, थोडा दुसराही मिसळला असावा. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. बाईमाणसाचं ते 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. त्याच फेरीत सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणीही करून घे, आधी झाली नसेल तर. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे हे आपण सगळे जाणतो, 2023 पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तरी नाचणाऱ्या मुली तपासणीला टाळाटाळ करतात. सिकलसेल असेल तर नाच सुटतोच असं नाही, पण पाणी किती, दमछाक किती, उन्हात किती वेळ, हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. हे कळल्याशिवाय मी कुणालाही वेगातल्या चकरा देत नाही.

आता गरगरण्याचं. कानाच्या अगदी आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धगोल नळ्या असतात. एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या, आत द्रव भरलेला. डोकं कुठल्या दिशेने वळतंय हे त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळतं. घरी करून बघ. गंजात (पातेल्यात) पाणी घे, वर चिमूटभर हळद टाक आणि गंज गुळगुळीत फरशीवर गोल फिरव. आधी गंज फिरतो, हळद जवळजवळ जागेवरच असते. फिरवत राहिलीस की पाणीही गंजाच्या वेगाला येतं. मग गंज एकदम धर. गंज थांबतो, हळद फिरतच राहते.

कानातल्या नळीत असंच होतं. तिथे द्रवाच्या वाटेत एक मऊ पडदा असतो. फिरायला सुरुवात केलीस की तो एका बाजूला वाकतो आणि आपण एकदम थांबलो की उलट्या बाजूला. तू डावीकडे फिरून थांबलीस की तो मेंदूला सांगतो, 'उजवीकडे फिरतेय.' ते खरं धरून डोळे आपोआप सरकू लागतात, म्हणून भिंती पळतात. अंगही उजवीकडे पडू नये म्हणून स्वतःला डावीकडे टाकतं. म्हणजे तू डावीकडे कलतेस हे अगदी नियमाप्रमाणे आहे, तुझे कान त्यांचं काम चोख करताहेत. माणसाला खुर्चीत बसवून गरगरा फिरवायचं आणि थांबल्यावर डोळे कसे हलतात ते बघायचं, ही तपासणी रॉबर्ट बाराणी या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. कानाच्या या भागावरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं.

यातून माझ्या शिकवण्याला दोन गोष्टी मिळाल्या. मुली सगळा जोर चकरा घेण्यावर लावतात, पण त्रास बहुतेक वेळा दोन जागी तयार होतो: फिरताना मान झुकते तिथे, आणि थांबताना नजर सुटते तिथे. तुझे गुरुजी समोर आहेत, त्यांना तुझं अंग दिसतं, मला दिसत नाही. तरी या दोन जागा आधी तपास.

मानेचं बघू. नवीन मुलगी चक्कर शिकते तेव्हा पाऊल बरोबर पडतंय का हे बघायला ती खाली बघते. मोबाईलवर बघून शिकलेल्या तर हमखास. फिरत असताना मान खाली गेली किंवा वर झाली की तीन नळ्यांपैकी जी आतापर्यंत गप्प होती तीही द्रव हलवू लागते. मग मेंदूला एकाच वेळी गोल फिरल्याचा आणि पुढे कोलमडल्याचा निरोप जातो. पोटात ढवळायला लागतं ते बहुधा इथे. नुसत्या सरळ फिरण्याने चार-पाच चकरांत इतकी मळमळ सहसा होत नाही, म्हणून तू मळमळ लिहिलीस तेव्हा मला आधी तुझ्या मानेचाच संशय आला. हनुवटी जमिनीला समांतर आहे का हे कुणाला तरी बाजूने बघायला सांग. स्वतःला कळत नाही. मोबाईल खुर्चीवर टेकवून बाजूने चित्रीकरण केलंस तरी चालेल, समोरून केलेल्यात हे दिसत नाही.

पायाकडे न बघता पाय जागेवर आहे की नाही हे कसं कळेल? याला आपल्याकडे फार चांगली सोय आहे. शेणाने सारवलेल्या अंगणात, सारवण जरा ओलसर असताना डाव्या टाचेवर चकरा घे आणि झाल्यावर वाकून जमीन बघ. टाच जागेवर राहिली असेल तर वाटीच्या बुडाएवढा गोल, गुळगुळीत ठसा दिसतो, कडेला माती जरा उचललेली. टाच सरकत गेली असेल तर ठसा लांबट होतो, शेपटी फुटल्यासारखा, आणि शेपटी ज्या बाजूला तिकडे तुझा तोल जातोय. माझ्या एका विद्यार्थिनीची शेपटी कायम मागे जायची. तिचा उजवा हात खांद्याच्या मागे फेकला जात होता, तो छातीसमोर आणला तसा ठसा गोल झाला. कलंडलेल्या अंगाने फिरलं की डोकंही कलतं, आणि पुन्हा तीच दुसऱ्या नळीची गडबड. सिमेंटच्या फरशीवर ठसा दिसत नाही, तिथे खडूने गोल काढ आणि शेवटी पाय गोलात आहे का एवढंच बघ.

जमिनीचं आलंच आहे तर सतरंजीविषयीही सांगते. गावच्या कार्यक्रमात स्टेजवर सतरंजी किंवा ताडपत्री असते. तिच्यावर टाच अडकते, अंग पुढे जातं आणि पाय मागे राहतो. जमलं तर आयोजकांना चार बाय चार फुटांचा तुकडा मोकळा ठेवायला सांगावं. नाही जमलं तर टाचेवरच्या चकरांऐवजी पावलं टाकत घ्यायच्या चकरा ठेवाव्या, गुरूंना विचारून. परीक्षेच्या दिवशी लवकर पोहोचून जमिनीवर दोन चकरा घेऊन बघ.

आता नजर. बॅलेवाले याला स्पॉटिंग म्हणतात, आपल्याकडे गुरुजी 'नजर समोर ठेव' एवढंच सांगतात आणि पुढे जातात. करायचं असं: समोर स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर एक खूण धर. अंग डावीकडे वळू लागलं तरी चेहरा खुणेकडेच ठेव, खांदा जाईल तितका जाऊ दे. मान आता आणखी वळणार नाही असं झालं की चेहरा झटकन फिरवून अंगाच्या आधी पुन्हा खुणेवर आण. म्हणजे चेहरा सगळ्यात शेवटी निघतो आणि सगळ्यात आधी पोहोचतो. यामुळे डोकं बराच वेळ स्थिर राहतं, हललं तरी थोडा वेळ हलतं, आणि आपण कुठे तोंड करून आहोत हे मेंदूला प्रत्येक चकरेत एकदा पक्कं कळतं. कथकात मान बॅलेइतकी झटक्याने फिरवली तर वाईट दिसते, तेव्हा झटका थोडा मऊ ठेव. पण खूण सोडायची नाही.

डोळे मिटले की ही सगळी मदत जाते. मेंदूच्या हातात फक्त कानाची खबर उरते, आणि थांबल्यावर तीच खोटी असते. म्हणून मैत्रिणीचं ऐकू नकोस. तुर्कस्तानातले मेवलेवी दरवेश खूण न धरता बराच वेळ फिरतात हे खरं आहे. पण ते हळू सुरुवात करतात, वेग एकसारखा ठेवतात, थांबतानाही हळू थांबतात, आणि वर्षानुवर्षं तेवढंच करतात. आपल्याला सोळाव्या मात्रेपर्यंत फिरून समेवर पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. एकदम थांबणं हेच कथकाचं सौंदर्य आहे, आणि कानाला सगळ्यात जड तेच जातं.

म्हणून थांबण्याचा रियाज वेगळा करायचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि क्लासमध्ये यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो. शेवटच्या चकरेत चेहरा खुणेवर आला की तिथेच खिळला पाहिजे, अंग मागून येऊन थांबेल. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकव, गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल ठेव, श्वास सोड. श्वास रोखून फिरायची सवय पुष्कळ मुलींना असते, तुलाही असेल तर मोडून काढ. डोळे खुणेवर घट्ट राहिले की ते आपोआप सरकायचे थांबतात आणि भिंती पळणं लवकर शांत होतं. तिथे दोन-तीन श्वास थांब. मान हलवू नकोस, डोकं झटकू नकोस, इकडे-तिकडे बघून 'बरोबर झालं का' असं विचारू नकोस.

आणि लगेच वाकू नकोस. आपल्या मुली तोडा, म्हणजे बोलांवर बांधलेला नाचाचा तुकडा, संपला की धावत जाऊन पाया पडतात. चांगला संस्कार आहे, पण चकरा झाल्या झाल्या डोकं खाली नेलं की गोल फिरल्याचा भास कोलांटी घेतल्याच्या भासात बदलतो. परीक्षकांच्या पायाशी जाऊन पडलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचा नाच उत्तम झाला होता. आधी उभ्यानेच हात जोड, श्वास लागू दे, मग नमस्कार कर. परीक्षक समजून घेतात.

रियाज कसा वाढवायचा ते तुझ्यापुरतं सांगते, कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. दोन-चार दिवस पूर्ण चक्कर घेऊच नकोस. चार भिंतींवर चार खुणा लाव, टिकल्या लावल्यास तरी चालतील, आणि पाव-पाव वळत प्रत्येक खुणेवर थांब. मग अर्धी. मग पूर्ण एक, आणि थांबून श्वास. हे करताना 'ता थेई तत्' हे बोल तोंडाने पढत (म्हणत) राहा. पढंत चालू असली की श्वास रोखता येत नाही आणि लयही सुटत नाही. एक चक्कर चार मात्रांत, मग दोन मात्रांत, मग एका मात्रेत. त्यानंतर तीन सलग आणि दम. नऊ चकरा म्हणजे तीन-तीनचे तीन गट आहेत असं मनात धरलंस की दर तिसऱ्या चकरेला खूण पुन्हा पक्की करता येते. सगळ्या नऊ एका दमात घ्यायला घाई करू नकोस, तीन निर्मळ झाल्या की पुढच्या आपोआप जवळ येतात.

रोज थोडं कर. रविवारी क्लासमध्ये तासभर फिरायचं आणि आठवडाभर काहीच नाही, याने सवय लागत नाही, फक्त मळमळ होते. सकाळी पाच-सात मिनिटं, संध्याकाळी तेवढीच, मध्ये खाडा नको. जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला, तर तिथेच थांब. ही उलटीच्या आधीची लक्षणं आहेत. दात-ओठ खाऊन पुढे गेलीस तर मेंदू चकरांचा धसका घेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन चकरांतच त्रास सुरू होतो. उलट्या दिशेच्या चकराही थोड्या घे. एका बाजूची सवय दुसऱ्या बाजूला पुरती लागू होत नाही, आणि पुढे मध्यमाच्या परीक्षेकडे जाशील तेव्हा त्या लागतीलच.

सवय खरंच लागते का, अशी शंका येत असेल तर एक अभ्यास सांगते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये बॅले नर्तकींना आणि नौकानयन करणाऱ्या मुलींना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून फिरवलं. खुर्ची थांबल्यावर फिरल्याचा भास नर्तकींना कमी वेळ राहिला. अंधारात धरायला खूण नव्हती, मान फिरवायची नव्हती, म्हणजे त्यांचा मेंदूच कानाची ती खबर कमी मानायला शिकला होता. लहान मेंदूचा जो भाग ही खबर हाताळतो त्यातही दोन्ही गटांत फरक दिसला. त्या मुली लहानपणापासून शिकत होत्या, तेव्हा तुला परीक्षेपर्यंत तेवढं होणार नाही. पण मान आणि थांबणं सुधारलं तर फरक बराच लवकर जाणवतो. काहींना आठवड्यात, काहींना महिना लागतो. ज्यांना लहानपणापासून एसटी लागते, ज्यांची अर्धशिशी आहे, त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो. तुला एसटी लागते का हे लिहिलं नाहीस. लागत असेल तर रविवारी उतरल्यावर लगेच चकरांना उभी राहू नकोस. आधी तत्कार (पायांचं काम), हस्तक (हातांच्या हालचाली), मग शेवटी चकरा, आणि हे गुरुजींना स्पष्ट सांग.

पोट आणि ऊन याबाबत फार सांगत नाही, तुला घरी सांगणारे असतील. उपवासाच्या दिवशी वेगातल्या चकरा नको, भरल्या पोटीही नको. दीड-दोन तास आधी भाकर-भाजी किंवा पोहे खा, पाणी घोटघोट पी. एप्रिल-मेमध्ये ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो. त्या दिवसांत टिनाच्या शेडखाली दुपारचा रियाज मी पूर्ण बंद ठेवते, पहाटे अंगणात घेते.

झाडीपट्टीत किंवा मंडईत, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रीच्या कार्यक्रमात नाचलीस तर वेगळी अडचण येते. प्रेक्षकांत काळोख आणि समोर झगझगीत हॅलोजन. मुली नेमका तो हॅलोजन खूण म्हणून धरतात. डोळ्यांत हिरवा-जांभळा ठिपका राहतो आणि थांबल्यावर तो ठिपकाच भिंतीवर फिरताना दिसतो. दिव्याच्या खाली, मांडवाच्या खांबावर, पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायला सांगायची. नाटकवाले आनंदाने बांधतात. परीक्षेच्या खोलीत दाराची कडी, खिडकीचा कोपरा, काहीही चालेल, फक्त हलणारी वस्तू नको. पंखा नको, आणि परीक्षकांचा चेहराही नको, ते लिहायला मान खाली घालतात.

या सगळ्याने जे बरं होत नाही तेही सांगते. नाच नसतानाही, झोपेत कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला वर बघताना क्षणभर खोली फिरते; एका कानाने कमी ऐकू येतं किंवा कानात सतत आवाज येतो; यातलं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कूस बदलताना फिरतं त्यावर डॉक्टर डोकं ठरावीक रीतीने वळवून उपचार करतात आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, हात किंवा पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं, यात मात्र वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: बाजूने काढलेल्या चित्रीकरणात हनुवटी कुठे जाते, उलट्या दिशेने फिरलीस तर उजवीकडे कलतेस का, आणि हिमोग्लोबिन किती आलं. उजवीकडे कललीस तर हे कानाचंच साधं काम आहे असं समजू. दोन्ही दिशांनी डावीकडेच कलत असशील तर तुझ्या डाव्या पायाची ताकद किंवा घोट्याची जुनी दुखापत बघावी लागेल, आणि मग नजरेपेक्षा घोट्याचे व्यायाम आधी घ्यावे लागतील. लिही, त्याप्रमाणे पुढचं सांगते.